जमीन संपादनात जाताना : वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

भूसंपादनाविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. बहुतेक पत्रलेखकांची चिंता मिळणाऱ्या दराची आहे आणि ती स्वाभाविकच आहे. परंतु पत्रांसोबत आलेली कागदपत्रे पाहिली की असे दिसते की दर कमी लागल्यामुळे जितके नुकसान झाले आहे, त्याहून अधिक नुकसान हरकतीची किंवा दाव्याची मुदत निघून गेल्यामुळे झाले आहे. म्हणून उत्तरांमध्ये मुदतींवर भर दिला आहे. ‘२०१३ चा कायदा’ असा उल्लेख जेथे येईल तेथे १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला, भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहतीसंबंधीचा केंद्रीय कायदा समजावा. १८९४ चा जुना भूसंपादन कायदा त्याने रद्द केला.

प्रश्न : आमच्या गावाजवळ होणाऱ्या लघुप्रकल्पासाठी माझी १ हेक्टर २० आर जमीन जात असल्याची कलम ११ ची अधिसूचना चावडीवर लागली आहे. सातबाऱ्यावर जमीन जिरायत आहे, प्रत्यक्षात मात्र विहीर आहे आणि मोसंबीची बाग धरती झाली आहे. हरकत घेतली तर पैसे उशिरा मिळतील, म्हणून गप्प बसावे, असे गावातील जाणती माणसे सांगतात. काय करावे? (एक शेतकरी, मराठवाडा)

उत्तर : गप्प बसू नये. कलम ११ ची अधिसूचना ही केवळ प्राथमिक अधिसूचना असते. तिने जमीन शासनाची होत नाही. तिच्या प्रसिद्धीपासून ६० दिवसांच्या आत कलम १५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देता येते. जमिनीचे क्षेत्र व योग्यता, सार्वजनिक प्रयोजनाचे समर्थन आणि सामाजिक परिणाम अभ्यासाचे निष्कर्ष या मुद्द्यांवर ती घेता येते, आणि हरकतदारास स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देणे जिल्हाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. हरकतीवरील अहवाल शासनाकडे जातो व शासनाचा निर्णय अंतिम मानला जातो. हरकत घेतल्यामुळे पैसे अडतात ही समजूत गावोगाव आहे, पण तिला कायद्यात आधार नाही. उलट कलम १९ ची घोषणा प्राथमिक अधिसूचनेपासून १२ महिन्यांत आणि निवाडा (मोबदला ठरवणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश) त्या घोषणेपासून १२ महिन्यांत झाला पाहिजे, असे बंधन शासनावरच आहे. शासनास मुदतवाढ देता येते, मात्र तिची कारणे नोंदवावी लागतात.

सामाजिक परिणाम अभ्यासाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. मूळ कायद्यात तो संपादनाची पहिली पायरी आहे, आणि खासगी कंपन्यांच्या प्रकल्पासाठी ८० टक्के व खासगी भागीदारीतील प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक धरली आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये केलेल्या दुरुस्तीने पायाभूत सुविधांसह काही प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाकडे घेतला. त्यामुळे आपल्या प्रकल्पाला अशी सूट दिली आहे काय, हे अधिसूचनेतच पाहावे. ती दिलेली नसेल आणि अभ्यासही झालेला नसेल, तर हरकतीचा तो पहिला मुद्दा ठरतो.

आता आपल्या बागेविषयी. हरकतीइतकीच, किंबहुना पैशाच्या दृष्टीने तिच्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे संयुक्त मोजणी. भूमी अभिलेख खात्याचे भूकरमापक, संपादन करणाऱ्या विभागाचे प्रतिनिधी आणि महसूल कर्मचारी शेतावर येतात, त्या दिवशी आपण स्वतः हजर राहावे, आणि विहीर, पाइपलाइन, गोठा, बांधावरची झाडे व मोसंबीची झाडे वयासह मोजणीच्या तक्त्यात व पंचनाम्यात उतरल्याखेरीज सही करू नये. नोंद अपुरी असेल तर सही करताना ‘नोंदी अपूर्ण, हरकत स्वतंत्रपणे देत आहे’ असे लिहावे आणि त्याच आठवड्यात अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. फळझाडांचे मूल्यांकन कृषी विभाग आणि इमारतींचे सार्वजनिक बांधकाम विभाग करतो, तथापि जे तक्त्यातच नाही त्याचे मूल्यांकन कोणी करीत नाही. जिरायत नोंदीच्या विरोधात ई-पीक पाहणीच्या नोंदी, कृषिपंपाची वीजबिले, ठिबक अनुदानाची कागदपत्रे आणि कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या पट्ट्या हा पुरावा चालतो. बागायत बहुपीक जमीन अपवादात्मक परिस्थितीतच घ्यावी, असे कलम १० सांगते; म्हणून सातबारावरील नोंद दुरुस्त करून घेण्याचा फायदा दुहेरी आहे.

प्राथमिक अधिसूचनेनंतर त्या जमिनीचे खरेदीखत, गहाण वा अन्य व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. मयत खातेदाराचे नाव अद्याप सातबाऱ्यावर असल्यास वारस नोंदीचा अर्ज मात्र आजच द्यावा, कारण वारस नोंद हा व्यवहार नव्हे. प्रकल्प पाटबंधाऱ्याचा असल्याने १९९९ च्या महाराष्ट्र प्रकल्पबाधित व्यक्तींच्या पुनर्वसन कायद्याचा लाभ आपणास लागू होतो का, याचीही विचारणा जिल्हा पुनर्वसन कार्यालयात करावी. कोयनेच्या विस्थापितांच्या पुढच्या पिढ्या आजही पुनर्वसनासाठी अर्ज करीत आहेत. मोबदल्याचा धनादेश आणि पुनर्वसनाचा हक्क हे दोन वेगळे विषय आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे.

प्रश्न : निवाडा झाला असून रक्कम घेऊन जाण्याची नोटीस मिळाली आहे. दर फारच कमी वाटतो. रक्कम उचलली तर पुढे दाद मागता येत नाही, हे खरे आहे का? आणि दर योग्य आहे की नाही हे आम्ही कसे ताडून पाहावे? (दोन भाऊ, उत्तर महाराष्ट्र)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धे ‘होय’ आहे. कलम ७७ नुसार जो खातेदार कोणतीही हरकत न नोंदवता रक्कम स्वीकारतो, त्याला वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. परंतु ‘निवाड्यातील मोबदला मान्य नाही, वाढीव रकमेचा हक्क राखून, निषेधासह स्वीकारली’ असे पावतीवर व ताबा पावतीवर स्वहस्ते लिहून रक्कम घेतली, तर हक्क शाबूत राहतो. महसुली भाषेत याला सर्रास ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात. कार्यालयातील छापील हमीपत्रात ‘मला रक्कम मान्य असून कोणतीही तक्रार नाही’ अशा आशयाचे वाक्य असू शकते. ते खोडून, शेजारी सही करून मगच द्यावे. रक्कम मुळीच न उचलणे हा शहाणपणा नव्हे. ती प्राधिकरणाकडे (या कायद्याखाली भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या यंत्रणेकडे) जमा केली जाते आणि तोवर घरखर्च, कर्ज व मुलांची शिक्षणे थांबत नाहीत.

दाद मागण्याची मुदत कलम ६४ मध्ये आहे. निवाडा जाहीर होताना आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर असल्यास निवाड्यापासून सहा आठवडे. अन्यथा जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी एक वर्षापर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. हा अर्ज न्यायालयात नव्हे तर जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो व त्यांनी तो ३० दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्यांनी तो न पाठवल्यास थेट प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. प्राधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील आहे. आपल्या शेजाऱ्याने असा अर्ज करून वाढीव दर मिळवला आणि आपण अर्जच केला नव्हता, तर त्याच अधिसूचनेतील जमिनीसाठी कलम ७३ खाली, प्राधिकरणाच्या त्या निर्णयापासून तीन महिन्यांत, तसाच दर मागता येतो. या तरतुदीची माहिती फार थोड्यांना असते.

दर ताडण्याची रीत अशी. कलम २६ प्रमाणे मुद्रांक शुल्कासाठीचा शीघ्रसिद्ध गणकातील (रेडी रेकनर) दर आणि जवळपासच्या तत्सम जमिनींच्या खरेदीखतांतील सरासरी दर यांतील अधिक असेल तो बाजारमूल्याचा पाया धरायचा असतो. ही सरासरी काढताना मागील तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी वरच्या किमतीची निम्मी खरेदीखते घ्यायची असतात, सगळी नव्हेत. ‘मागील तीन वर्षे’ ही प्राथमिक अधिसूचनेच्या वर्षाच्या आधीची मोजतात. निवाड्यात कोणती खरेदीखते विचारात घेतली व कोणती का वगळली, याचा तक्ता असतो. तो माहितीच्या अधिकारात मागून घ्यावा व दुय्यम निबंधक कार्यालयातून आपण काढलेल्या खरेदीखतांशी पडताळावा. तफावत बहुधा येथेच सापडते.

त्यानंतर ग्रामीण भागात या दराला १ ते २ या दरम्यानच्या गुणांकाने गुणतात. गुणांक राज्य शासन अधिसूचनेने ठरवते आणि तो प्रकल्पाच्या प्रकारानुसार व तारखेनुसार वेगळा असू शकतो, म्हणून निवाड्यात वापरलेली अधिसूचना पाहावी. उदाहरणादाखल, एक हेक्टरचे बाजारमूल्य २० लाख रुपये आणि गुणांक २ धरल्यास जमिनीचे ४० लाख होतात. विहीर, झाडे व बांधकाम मिळून ५ लाख असतील तर बेरीज ४५ लाख. यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे आणखी ४५ लाख. एकूण ९० लाख. शिवाय बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के दराने, सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवरची रक्कम वेगळी. दिलासा रक्कम जमिनीवर दिली आणि झाडे-विहिरीवर दिली नाही, अशी चूक निवाड्यात आहे का, ते अवश्य पाहावे. या कायद्याखालील निवाड्याच्या रकमेवर कलम ९६ नुसार आयकर व मुद्रांक शुल्क नाही. व्याजाचा करविचार मात्र वेगळा असल्याने त्यापुरता कर सल्लागार गाठावा.

प्रश्न : संमतीने खरेदीखत करून दिल्यास २५ टक्के जादा मिळतील, असे अधिकारी सांगतात. सही करावी का?

उत्तर : हा मार्ग खरा आहे. खासगी वाटाघाटीने थेट खरेदीचे राज्याचे धोरण २०१५ पासून आहे, आणि ७०१ किलोमीटरच्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गासाठी बरीचशी जमीन याच पद्धतीने घेतली गेली. ‘पाचपट मोबदला’ हा जो शब्दप्रयोग तेव्हा रूढ झाला त्यामागे साधा हिशोब होता : मूल्याची गुणांकाने दुप्पट, दिलासा रकमेने चौपट आणि त्यावर २५ टक्के वाढ. पैसे लवकर मिळतात आणि तंटा टळतो, हे त्याचे गुण नाकारता येत नाहीत.

पण पाचपट कशाची, हा प्रश्न आधी विचारावा. मूळ दर कमी धरला असेल तर त्याची पाचपटही कमीच येते. खरेदीखत हा दोन पक्षांनी राजीखुशीने केलेला व्यवहार असतो. त्यानंतर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याची वाट राहत नाही. म्हणून मूल्यांकनाचा तक्ता, झाडे व बांधकामांचे मूल्यांकन आणि वापरलेली खरेदीखते लेखी मागावीत, त्यांवर हरकती असतील तर त्या सहीपूर्वी मांडाव्यात आणि तक्ता दुरुस्त झाल्यावरच निर्णय घ्यावा. माझे मत विचारल्यास, दर रास्त असेल तर संमतीचा मार्ग बरा आहे. तक्ता दाखवण्याचीच टाळाटाळ होत असेल तर तो धरू नये. संमती न देणाऱ्याची जमीन सक्तीच्या संपादनाने जाऊ शकते, हे खरे. परंतु त्यात त्याला कायद्याने ठरलेला पूर्ण मोबदला आणि दाद मागण्याचा हक्क दोन्ही मिळतात.

प्रश्न : राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणात आमचे घर व शेत जात आहे. ६० दिवस असतात असे वाचल्यामुळे मी दीड महिन्यानंतर हरकत दिली. ती मुदतबाह्य म्हणून फेटाळली. हे योग्य आहे का?

उत्तर : दुर्दैवाने योग्य आहे. सर्व संपादने २०१३ च्या कायद्याने होत नाहीत. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा कायदा, रेल्वेसाठी १९८९ चा, औद्योगिक क्षेत्रासाठी १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा, अशा वेगवेगळ्या वाटा आहेत आणि प्रत्येकीची मुदत निराळी आहे. महामार्गाच्या कायद्यात ३अ ची अधिसूचना राजपत्रात व दोन वर्तमानपत्रांत येते आणि हरकतीला त्यानंतर अवघे २१ दिवस मिळतात. ३ड ची घोषणा झाली की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र शासनात निहित होते. म्हणून हाती आलेल्या नोटिशीवर प्रथम कायद्याचे नाव वाचावे, मग कलम आणि मग तारीख.

हरकत गेली असली तरी मोबदल्याचा प्रश्न खुला आहे. सक्षम प्राधिकाऱ्याने (बहुधा प्रांताधिकाऱ्याने) ठरवलेली रक्कम मान्य नसल्यास ३ग(५) खाली केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करता येतो. लवादाच्या निर्णयाला जिल्हा न्यायालयात आव्हान देण्याची मुदत तीन महिने आहे. त्यानंतर फार तर ३० दिवस मिळतात, त्यापुढे न्यायालयालाही विलंब माफ करता येत नाही. मोबदल्याच्या निकषांबाबत १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या कायद्याची पहिली अनुसूची महामार्गांनाही लागू आहे, म्हणजे १०० टक्के दिलासा रक्कम आपणासही मिळाली पाहिजे. त्यापूर्वीच्या संपादनांत महामार्गबाधितांना दिलासा रक्कम व तिचे व्याज नाकारणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात घटनाबाह्य ठरवली आहे.

प्रश्न : वडिलांच्या नावावरील वडिलोपार्जित जमीन संपादित झाली. सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे लागली आहेत. मोबदला त्यांनाच मिळणार असे ते म्हणतात. मला आणि माझ्या बहिणीला काही हक्क आहे का? (एक भगिनी, विदर्भ)

उत्तर : ताई, आपण दोघीही हक्कदार आहात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील हिस्सेदार, ठरते आणि दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. आपण पूर्वी हक्कसोडपत्र करून दिले असेल किंवा २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर वाटप झाले असेल, तर मात्र स्थिती बदलते.

सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, आणि भूसंपादनात ‘हितसंबंधित व्यक्ती’ ही सातबाऱ्यावरील खातेदाराहून व्यापक संकल्पना आहे. रक्कम अद्याप वाटली गेली नसेल तर भूसंपादन अधिकाऱ्यांकडे आज लेखी हरकत द्या. सोबत वडिलांचा मृत्यू दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि जुने फेरफार जोडा. वाट्याबाबत वाद असल्याचे निदर्शनास आल्यावर रक्कम प्राधिकरणाकडे जमा करून वाद तेथे पाठवण्याची तरतूद कलम ७६ व ७७ मध्ये आहे. रक्कम भावांनी उचललीच असेल तरी आपला हक्क संपत नाही : ज्याने रक्कम घेतली त्याने ती कायदेशीर हक्कदारास देण्याची जबाबदारी कलम ७७ कायम ठेवते. मात्र त्यासाठी मग दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो, आणि तोवर पैसे खर्च झालेले असण्याची शक्यता असते.

प्रश्न : १९७२ च्या दुष्काळात कामे निघाली तेव्हा आमच्या शेतातून रस्ता काढला. भूसंपादन झाले नाही, एक पैसाही मिळाला नाही. आता विचारले तर ‘तुमच्या आजोबांनी तोंडी संमती दिली होती’ असे उत्तर मिळते. पन्नास वर्षांनी काही होऊ शकते का? (नाव-गाव न छापण्याची विनंती)

उत्तर : होऊ शकते. महाराष्ट्रात दुष्काळी कामांतून झालेले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव असे आहेत. त्या वेळी हाताला काम मिळणे हीच मोठी गोष्ट होती आणि कोणी कागद मागितला नाही.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला, तरी अनुच्छेद ३००अ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये संपादनाविना रस्ता केलेल्या एका निरक्षर वृद्धेच्या प्रकरणात, विद्या देवी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शासनाचे ‘तोंडी संमती’, ‘विलंब’ आणि ‘प्रतिकूल ताबा’ हे तिन्ही बचाव नाकारले आणि मोबदला देण्याचा आदेश दिला. आपल्या राज्यातील तुकाराम काना जोशी प्रकरणात, औद्योगिक विकासासाठी घेतलेल्या पण विधिवत संपादन न झालेल्या जमिनीबाबत, २०१२ मध्येच न्यायालयाने मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्कही असल्याचे म्हटले होते. २०२४ च्या कोलकाता महापालिकेविरुद्धच्या निकालात तर नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई, कार्यक्षम प्रक्रिया आणि तिची पूर्तता असे या हक्काचे सात घटक सांगितले आहेत.

तरीही प्रत्येक जुने प्रकरण टिकतेच असे नाही. जमिनीचे जुने सातबारे, रस्त्याखालील क्षेत्राची सरकारी मोजणी आणि ‘संपादन झाले नाही’ असे माहितीच्या अधिकारातील उत्तर, एवढे हाती घेऊन प्रथम जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावे आणि दखल न घेतल्यास उच्च न्यायालयाच्या आपल्या खंडपीठात रिट याचिका करावी. आजोबांच्या सहीचे दानपत्र अथवा संमतीपत्र दप्तरात नाही ना, हे मात्र याचिकेपूर्वीच तपासावे; ते प्रतिवादीने न्यायालयात काढले तर प्रकरण कमकुवत होते.

प्रश्न : १९९८ मध्ये निवाडा झाला, ताबा गेला, पण मोबदला घेतलेला नाही. संपादन रद्द होऊन जमीन परत मिळेल का?

उत्तर : नाही. इंदूर विकास प्राधिकरण प्रकरणात घटनापीठाने ६ मार्च २०२० रोजी ठरवले की ताबा घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही, या दोन्ही गोष्टी असतील तरच कलम २४(२) खाली जुने संपादन व्यपगत होते. आपला ताबा गेला असल्याने जमीन परत मागता येणार नाही. देय मोबदला व व्याज मात्र मागावे.

प्रश्न : शहरातील आमच्या भूखंडावर विकास आराखड्यात बगीच्याचे आरक्षण आहे. नगरपालिका घेतही नाही आणि बांधकाम परवानगीही देत नाही.

उत्तर : आराखडा अमलात येऊन १० वर्षे झाली असतील तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी-सूचना द्यावी. सोबत मालकीचे पुरावे जोडलेच पाहिजेत. ते नसल्यास सूचना ग्राह्य धरली जात नाही. सूचना पोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची कायदेशीर पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. नगरपालिकेने केवळ ठराव केला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले म्हणजे पाऊल उचलले, असे न्यायालये सहसा मानत नाहीत. आरक्षण व्यपगत झाल्यावर शासनाने तशी अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करावयाची असते. ती आपणहून निघेल असे गृहीत न धरता नगरविकास विभागाकडे अर्ज करून मागावी आणि बांधकाम परवानगीच्या प्रस्तावाला तिची प्रत जोडावी.